खाचेतला अक्षतेचा दाणा

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत मी हेलिकॉप्टरमधून हिंडते एवढंच लोकांना माहीत आहे. जिन्यात कोणी भेटलं की हमखास विचारणार, "काय सिस्टर, आज कुठे उड्डाण? वरून सिंहगड कसा दिसतो हो?" सुरुवातीला मी समजावून सांगायचे, की अहो, मी खिडकीकडे बघतच नाही, मी पेशंटच्या छातीकडे आणि मॉनिटरकडे बघते. आता तो नाद सोडला. "छान दिसतो," म्हणते आणि भाजीची पिशवी सावरत जिना चढते. पालथ्या घड्यावर पाणी किती ओतायचं!

मी नर्स आहे. वाढले पुण्याच्या जुन्या कसबा पेठेत, त्यामुळे जिभेला धार आहे आणि राग नाकाच्या शेंड्यावर असतो. हे मी आपण होऊनच सांगून टाकते, म्हणजे दुसऱ्यांना कष्ट नकोत. नोकरीची बरीच वर्षं अतिदक्षता विभागात गेली, आणि गेली काही वर्षं मी आमच्या रुग्णालयाच्या हेलिकॉप्टरवर आहे. लांबच्या गावात कोणाला हृदयविकाराचा झटका आला आणि रस्त्याने आणण्याइतका वेळ हाताशी नसला, की आम्ही तिघं जाऊन त्याला पुण्याला आणतो. एक मी. दुसरी आमची डॉक्टर, अमरावतीकडची, माझ्या मुलीच्या वयाची, हुशार आणि हट्टी. एरवी पुण्यासारखं शुद्ध बोलते, पण गडबड झाली की तिची वऱ्हाडी बाहेर येते. तिसरे पायलट. लष्करातून निवृत्त झालेले, खडकीत राहणारे. त्यांना सगळे कॅप्टन म्हणतात. ते दिवसाला मोजून वीस वाक्यं बोलत असतील, आणि त्यातली पंधरा हवामानाची.

आता जे सांगायचंय त्याला थोडी प्रस्तावना लागते, तेवढी ऐकून घ्या. माणसाचं हृदय बंद पडलं की दुसऱ्या कोणीतरी त्याची छाती जोरजोरात दाबत राहायची असते. म्हणजे हृदय चालू होईपर्यंत मेंदूला निदान थोडं रक्त पोचतं. जोर लागतो, एक लय लागते, आणि मुख्य म्हणजे थांबून चालत नाही. जमिनीवर हे जमतं. दोन मिनिटं मी दाबते, मग तू दाब, असं आळीपाळीने करता येतं. हेलिकॉप्टरमध्ये छप्पर डोक्याला लागतं, आपण पट्ट्यांनी खुर्चीला बांधलेलो असतो, आणि आळीपाळी करायला माणूस आणायचा कुठून?

एकदा एका निवृत्त मास्तरांना आणताना वाटेतच त्यांचं हृदय बंद पडलं. मी पट्टा सोडला, गुडघ्यांवर बसले आणि दाबत राहिले. हेलिकॉप्टर वळलं की माझे हात घसरायचे, परत जागेवर आणायचे, परत घसरायचे. दंडांत गोळे आले. उतरलो तेव्हा मास्तर गेलेले होते. वरिष्ठ म्हणाले, तुझी काही चूक नाही. मलाही ते कळत होतं. तरी घरी येऊन दोन दिवस मी कोणाशी बोलले नाही, आणि मी न बोलणं म्हणजे आमच्या घरात केवढी मोठी घटना, ते माझ्या नवऱ्याला विचारा.

त्यानंतर काही महिन्यांनी रुग्णालयाने छाती दाबायचं यंत्र आणलं. साधी रचना असते. एक फळी पेशंटच्या पाठीखाली सरकवायची. वरून एक कमान ठेवायची. कमानीच्या दोन पायांना खाचा असतात, त्या फळीच्या कडेच्या दांडीवर दाबल्या की टक्कन बसतात. मग कमानीच्या मधोमध असलेला दट्ट्या, त्याच्या तोंडाला रबराची वाटी, खाली येतो आणि एका लयीत छाती दाबत राहतो. बॅटरी असेपर्यंत ना दमतो, ना घसरतो, ना चहाला जातो.

मला त्याचा भयंकर राग आला होता. म्हणजे इतकी वर्षं आम्ही काय भजी तळत होतो? प्रशिक्षण द्यायला आलेल्या मुलाला मी इतके उलटसुलट प्रश्न विचारले, की तो पाणी मागायला लागला. विभागात त्या यंत्राचं नाव मीच पाडलं, जावई. उशिरा आला, महागात पडला, कायम त्याची बडदास्त ठेवायची, आणि त्याला काही बोलायची सोय नाही. नाव सगळीकडे पसरलं. "सिस्टर, जावई चार्जिंगला लावला का?" असं भर राउंडमध्ये विचारायला लागले लोक.

पण खोटं कशाला बोलू? पहिल्यांदा आमच्या अतिदक्षता विभागात मी त्याला चालताना पाहिलं तेव्हा माझी बोलती बंद झाली. त्या दिवशीची बाई वाचली. मी घामाघूम झाले नव्हते, डॉक्टरांना औषधं द्यायला दोन्ही हात मोकळे होते, आणि यंत्र आपलं शांतपणे काम करत होतं. तेव्हापासून मी त्याची राखणदार झाले. रोज सकाळी आठला पिशवी उघडायची, कमान फळीवर बसवायची, दोन्ही बाजूंचा टक् ऐकायचा, वर ओढून बघायची, दट्ट्या चालवून बघायचा, बॅटरी बघायची आणि वहीत सही करायची. हे काम मी दुसऱ्या कोणाला करू दिलं नाही. कोणी केलंच तर मी परत करायचे. डॉक्टर म्हणायची, "आमच्या घरी आई अशी दुसऱ्यानं घासलेली भांडी परत घासते."

तर ती दसऱ्याची सकाळ होती. आमच्याकडे दसऱ्याला सगळ्या उपकरणांची पूजा होते. ऑपरेशन थिएटरमधल्या कात्र्या-चिमट्यांपासून खालच्या रुग्णवाहिकांपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागतं, झेंडूची फुलं वाहिली जातात. वर्षभर जे आपल्या हाताखाली राबतं त्याला एक दिवस हात जोडायचे, मला हे फार आवडतं. मी घरून ताट तयार करून आणलं होतं. हळद, कुंकू, कुंकवात भिजवलेल्या अक्षता, झेंडू, पेढे.

आठला मी नेहमीची तपासणी केली आणि सही ठोकली. मग ताट घेऊन निघाले थेट हेलिकॉप्टरकडे, आणि कॅप्टन आडवे आले.

"सिस्टर, फुलं लांब. इंजिनाजवळ एक पाकळीसुद्धा नको."

"अहो, सणाचा दिवस आहे. एक छोटा हार. वर्षातून एकदा."

"एकदासुद्धा नाही."

शेवटी, माझं तोंड बघून, दारावर एक बोट कुंकू लावायची परवानगी मिळाली. मी लावलं. नमस्कार करून मान वर करते तर काय, हा माणूस खिशातून फडकं काढून ते पुसतोय! माझ्यासमोर! मला असा संताप आला म्हणून सांगू! "हेलिकॉप्टर तुमचं, यंत्र माझं," म्हणाले आणि ताट घेऊन फणकाऱ्याने आत आले.

आत येऊन मी जावयाची यथासांग पूजा केली. पाटावर फळी मांडली, तिच्यावर कमान उलटी ठेवली, म्हणजे सगळ्या अंगांना हळदकुंकू लागेल. झेंडू ठेवला. आणि अक्षता वाहिल्या, चांगल्या मूठभर, सढळ हाताने. त्या सढळ हातात भक्ती किती होती आणि कॅप्टनवरचा राग किती होता, हे देव जाणे. डॉक्टर पेढा खात खात म्हणाली, "मॅडम, लग्न लावून राहिल्या का त्याचं?" आम्ही हसलो. मग मी फडक्याने सगळं पुसलं, फुलं काढली, तांदूळ झटकले आणि यंत्र पिशवीत भरलं. परत तपासलं नाही. सही तर झालेली होती.

साडेदहाला फोन आला. माणगावच्या पलीकडचं एक छोटं रुग्णालय. पन्नाशीचे गृहस्थ, हृदयविकाराचा मोठा झटका, पहिली औषधं दिलेली, पण रक्तवाहिनी उघडायची सोय तिथे नाही. ताम्हिणी घाटातून रस्त्याने यायचं तर तीन तास, त्यात सणाची गर्दी. आम्ही निघालो.

एका शाळेच्या मैदानावर उतरलो. पेशंट स्ट्रेचरवर, शुद्धीत, चेहरा पांढराफटक. त्यांच्या शेजारी त्यांच्या मिसेस, डोक्यावरची ओढणी दातात धरून. मी ओळख करून घेतली. ते निघाले आमच्या कसब्यातले! घराणं पिढ्यान्‌पिढ्या तिथलं, बुधवार पेठेतल्या एका छापखान्यात मशीन चालवतात. सुटी म्हणून बायकोच्या माहेरी आले होते, नमाजानंतर छातीत दुखायला लागलं.

"सिस्टर, मला उंचीची भीती वाटते," ते म्हणाले.

"मग डोळे मिटून घ्या."

"डोळे मिटले तर मग दिसणार काय?"

छातीत कळ, कपाळावर घाम, आणि तरी हे उत्तर. कसब्याचाच, दुसरा कुठला असणार! माझा जीवच जडला त्या माणसावर.

हेलिकॉप्टरमध्ये नातेवाइकाला जागा नसते. मिसेसना त्यांच्या भावाच्या गाडीतून मागून यायचं होतं. त्यांनी माझं मनगट घट्ट पकडलं. म्हणाल्या, "तीन तास मला काही कळणार नाही हो. घाटात फोन लागत नाही." आणि मी, जिने नव्या मुलींना शंभर वेळा बजावलंय, की पेशंटच्या घरच्यांना कधी शब्द देऊ नका, मी म्हणाले, "मी आणते त्यांना सुखरूप. तुम्ही सावकाश या." डॉक्टरने माझ्याकडे चमकून पाहिलं. मी नजर चुकवली.

वाटेत हृदय बंद पडायची भीती असलेल्या पेशंटच्या पाठीखाली आम्ही फळी आधीच सरकवून ठेवतो. तशी ठेवली. कमान पिशवीतून काढून माझ्या पायाशी. शॉक द्यायचे पॅड छातीवर चिकटवले. निघालो. घाट ओलांडला, मुळशी आली, असं कॅप्टन म्हणाले. ते खरंच डोळे मिटून पडले होते, ओठ हलत होते, दुआ म्हणत असावेत.

आणि ओठ हलायचे थांबले. मॉनिटरवरची रेघ वेडीवाकडी थरथरायला लागली. डॉक्टर ओरडली, "गेले!" तिने शॉक दिला. रेघ तशीच.

मी कमान उचलली. दोन्ही पाय फळीवर दाबले. हेलिकॉप्टरच्या आवाजात टक् ऐकू येत नाही, म्हणून कमान वर ओढून बघायची असते. मी ओढली. डावी बाजू पक्की. उजवी अलगद वर आली.

परत दाबली, परत वर आली. मी उजव्या खाचेत बोट घातलं. बोटाला लाल लागलं. आत तांदूळ होता. ओल्या कुंकवातला तांदूळ, सुकून घट्ट चिकटलेला, दांडीला पकडणारी कळ जिथे बसायची नेमका तिथे.

माझा तांदूळ. माझ्या मुठीतला. मास्तर आठवले, ते मनगट पकडणारी बाई आठवली, आणि क्षणभर मी कमान हातात धरून तशीच बसले. मग माझा मलाच राग आला, आणि खरं सांगते, त्या रागानेच मला हलवलं. कमान मी डॉक्टरच्या मांडीवर फेकली. "उजव्या खाचेत तांदूळ आहे. काढ!" आणि पट्टा सोडून गुडघ्यांवर बसले, आणि दाबायला लागले.

हेडफोनमधून आमचं बोलणं सगळ्यांना ऐकू जातं. कॅप्टननी तांदूळ ऐकलं असणारच. ते एवढंच म्हणाले, "सरळ ठेवतो. वळणार नाही. उतरवायचं असेल तर खाली शेत आहे." डॉक्टर म्हणाली, "थांबा, काढून राहिली मी!" तिने इंजेक्शनची जाड सुई घेतली होती आणि ती खाच कोरत होती. मी मोठ्याने आकडे म्हणत दाबत होते. डोकं छपराला आपटत होतं. हाताखाली बरगडी कडकन मोडली, तो आवाज कानाला नाही, तळहाताला कळतो. मी मनात म्हणत होते, अहो, उघडा डोळे, बघा ना खाली काय दिसतंय. माझा आकडा तिसऱ्यांदा तीसवर आला तेव्हा डॉक्टर ओरडली, "निघाला!"

एक सबंध दाणा आणि एक तुकडा. मी हात काढले, तिने कमान बसवली, मी ओढून पाहिली. दोन्ही बाजू पक्क्या. बटण दाबलं. दट्ट्या खाली आला आणि जावई कामाला लागला.

मी रबरी वाटीभोवती पेनाने गोल काढला, म्हणजे यंत्र सरकलं तर कळेल, आणि खुर्चीत बसून पट्टा लावला. डॉक्टरने श्वासाची नळी घातली, औषधं दिली, दुसरा शॉक दिला, तिसरा दिला. हृदय काही चालू होईना. पण यंत्राच्या प्रत्येक दाबाबरोबर त्यांच्या मानेतली नाडी माझ्या बोटांना लागत होती, म्हणजे रक्त फिरत होतं. कॅप्टननी विचारलं, "शेत की पुणे?" डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "पुणे."

हेलिपॅडवर माणसं तयार होती. यंत्र छातीवर चालू असतानाच स्ट्रेचर धावलं, लिफ्टमध्ये चालू, रक्तवाहिनी उघडायच्या खोलीत चालू. आतल्या डॉक्टरांनी यंत्राच्या आजूबाजूनेच काम सुरू केलं. दार बंद झालं आणि मी बाहेर बाकावर बसले. माझ्या नखांत कुंकू होतं.

तेवढ्यात फोन वाजला. त्यांच्या मिसेस. घाटाच्या पायथ्याशी आल्या होत्या, पुढे फोन लागणार नव्हता. "पोचले का हो?"

"पोचले."

"बोलतायत का?"

नुसतं हो म्हणणं फार सोपं होतं. शब्द दिलेला होता, तो त्या येईपर्यंत का होईना पाळल्यासारखा झाला असता. पण एकदा वहीतली सही खरी मानून मी काय करून बसले होते ते समोर होतंच. "वाटेत त्यांचं हृदय थांबलं," मी म्हणाले. "आता यंत्र छाती दाबतंय. डॉक्टर रक्तवाहिनी उघडताहेत. अजून काही सांगता येत नाही. तुम्ही या, मी दाराशीच आहे." मग त्या म्हणाल्या, "यंत्र चालू आहे ना?"

"आहे."

"मग बंद करू नका म्हणावं. मी येतेय."

त्या अजून घाटातच असतील, तेव्हा दार उघडलं. डॉक्टर, आमची अमरावतीची, बाहेर आली. तोंडावरचा मास्क ओढून खाली केला आणि भिंतीला टेकली. म्हणाली, "यंत्र बंद केलं, मॅडम." मी बाकावरून उठले. मग तिने वाक्य पुरं केलं, "गरज नाही आता. आपलं आपण चालून राहिलं." मी तिला इतक्या जोरात मिठी मारली, की ती म्हणाली, "माझ्या बरगड्या तरी ठेवा!"

त्याच दुपारी मी घडला प्रकार लिहून काढला. डॉक्टर म्हणाली, "कशाला? मिनिटभराचा तर उशीर, तोही तुम्ही हातानं भरून काढला. कोणाला कळणार आहे?" मला कळलं होतं, तेवढं पुरे. तपासणी आधी आणि पूजा नंतर केली, खाचेत अक्षता राहिल्या, चूक माझी, असं स्वच्छ लिहिलं आणि मेट्रनबाईंच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, म्हणाल्या, "अतिशहाणी आहेस." मग म्हणाल्या, "पण लिहिलंस, ते बरं केलंस." कॅप्टन काही म्हणालेच नाहीत. 'सांगितलं होतं ना' एवढं म्हणायचा त्यांना पूर्ण हक्क होता, मी त्याला उत्तरही तयार ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला चहा आणून दिला. त्याने मला जास्त लाज वाटली.

पेशंट दोन दिवसांनी शुद्धीवर आले. पहिल्यांदा त्यांनी बायकोला नावाने हाक मारली, तेव्हा सगळ्या विभागाच्या जिवात जीव आला. डोकं शाबूत होतं. घरी गेले. मी त्यांना खरं सांगितलं नव्हतं. ते दाखल होते तोवर रोज ठरवायचे आणि रोज औषधाची गोळी देऊन परत यायचे. एवढी तोंडाळ बाई मी, पण त्या एका वाक्याला घाबरले होते. ही माणसं मला दुआ देत होती, आणि मला ती घशाखाली उतरत नव्हती.

दीड महिन्याने ते तपासणीला आले तेव्हा मुद्दाम आमच्या विभागात आले. सोबत मिसेस, हातात मिठाईचा डबा. हळूहळू चालत होते, पण चालत होते. खुर्चीत बसले, आणि मी एका दमात सगळं सांगून टाकलं. पूजा, मूठभर अक्षता, खाच, तांदूळ. "माझ्यामुळे तुमचं यंत्र उशिरा लागलं. तुम्ही गेला असता तर ते माझ्यामुळे," मी म्हणाले. मिसेसचा डबा धरलेला हात तसाच राहिला. डॉक्टर कोपऱ्यात उभी होती.

ते खुर्चीत जरा पुढे सरकले. मग म्हणाले, "अक्षता वाटीवर टाकल्या की पायांवर?"

"सगळीकडेच."

"आमच्या छापखान्यात दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, मशीनची पूजा होते. तीस वर्षं मी हार घालतोय. हार बाहेरच्या दांड्याला घालायचा, शाईच्या रुळांजवळ काही न्यायचं नाही. आणि पूजा झाली की मशीन एकदा मोकळं फिरवून बघायचं, मगच कागद लावायचा. हे आमच्याकडे नव्या पोराला पहिल्या दिवशी शिकवतात." त्यांनी मान हलवली. "एवढ्या शिकलेल्या बायका तुम्ही. मला विचारायचं होतं!"

मला हसावं की रडावं कळेना. "तुम्ही रागावला नाहीत?"

"रागावलोय तर. बरगड्या अजून दुखतात, हसलो की जास्त. म्हणून तर तोंड वाकडं करून बोलतोय." मग त्यांचा आवाज बदलला. "तांदूळ काढेपर्यंत कोण दाबत होतं?"

"मी."

"थांबला होतात मध्ये?"

"नाही."

"मग झालं की."

पण माझं झालं नव्हतं, ते माझ्या तोंडावर दिसत असणार. कारण मिसेस उठल्या. त्यांनी डबा टेबलावर ठेवला, माझा उजवा हात धरला, आणि मी "काय करताय, काय करताय" म्हणेपर्यंत तो नवऱ्याच्या शर्टावर, छातीच्या जरा डावीकडे, ठेवला आणि वर आपला हात दाबून धरला. म्हणाल्या, "बघा. तुम्हीच बघा."

मी आजवर किती छात्यांवर हात ठेवला असेल याची गणती नाही, पण तो दाबायलाच ठेवला. याच छातीवर माझा हात खाली जात होता आणि आतून काही उत्तर येत नव्हतं. त्या दिवशी मी काहीच केलं नाही, हात नुसता ठेवला, आणि आतून ठोका आला. मग दुसरा. मग तिसरा, आपला आपण, कोणाला न विचारता. मला रडू कोसळलं. डॉक्टरसमोर, मिसेससमोर, दारात चार नर्सेस जमल्या होत्या त्यांच्यासमोर, मी हुंदके देऊन रडले, आणि हात काही काढवेना.

"अहो सिस्टर," ते म्हणाले, "ठेवा हवा तेवढा वेळ. फक्त आता दाबू नका."